तीन सेकंदांचं पेट्रोल

हर्सूल मागं टाकून फुलंब्रीच्या रस्त्याला लागलं की डाव्या अंगाला नानासाहेब तुपे यांचा पेट्रोल पंप आहे. तिथं दोन नंबरच्या मशीनवर सुलेखा साळवे उभी असते. एकोणीस वर्षं झाली, ती तिथंच उभी आहे. या काळात मशीन तीनदा बदललं, पंपाचा रंग दोनदा बदलला, शहराचं नाव बदललं, समोरची चिंचेची झाडं जाऊन रस्ता रुंद झाला. सुलेखाची जागा तेवढी बदलली नाही.

नवऱ्याची चिकलठाण्यातली कंपनी बंद पडली, तेव्हा ती उस्मानपुऱ्यातून दोन रिक्षा बदलून इथं यायला लागली. त्या काळी पंपावर बाई म्हणजे लोकांना नवल होतं. पहिल्याच आठवड्यात एका माणसानं तिच्या हातात नळी बघितली आणि गाडी तशीच ढकलत पुढच्या पंपावर नेली. तोच माणूस आता शेजारची रांग मोकळी असली तरी सुलेखाच्याच रांगेत थांबतो. कारण तिचा हात. शंभराचं म्हटलं की ती मशीनवर आकडा दाबायची नाही, नुसत्या बोटांच्या जोरावर शंभरावर आणून थांबवायची. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही, आणि टाकीवर ओघळ तर कधीच नाही.

ती बोलायची कमी. दिवसभरात तिच्या तोंडून निघणारे शब्द दोनच होते, “झिरो बघा.” हे दोन शब्द ती झोपेतही बोलते असं तिची मुलगी प्रेरणा सांगायची.

नानासाहेबांचा मुलगा विश्वजीत वर्षभर इंग्लंडात राहून परत आला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

विश्वजीत तिकडं मोटारशर्यतींच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करायला गेला होता. असा अभ्यास असतो हे फुलंब्रीत कुणाला खरं वाटत नव्हतं, पण पोरगं डिग्री घेऊन आलं. आल्यावर पहिल्याच सकाळी तो पंपावर खुर्ची टाकून बसला आणि रांगेकडं बघत राहिला. तासाभरानं त्यानं वडिलांना हाक मारली.

“नाना, आपल्याकडं एका गाडीला किती वेळ लागतो, माहितीये?”

“लागतो तेवढा लागतो,” नानासाहेब म्हणाले.

“चार मिनिटं. मी मोजली. शर्यतीच्या गाडीत तीन सेकंदांत छत्तीस लिटर जायचं. एका सेकंदाला बारा लिटर. पुढं त्यांनी शर्यतीत भरणंच बंद केलं, पण यंत्रं आहेत अजून.”

नानासाहेब जुने कास्तकार. रस्त्याला लागून असलेली जमीन पंपाला दिली, तरी ते स्वतःला शेतकरीच म्हणवून घेत. परदेशी यंत्रावर मात्र त्यांची लहानपणापासून श्रद्धा. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “मंग आना की.”

महिन्याभरात कोइमतूरहून ट्रक आला. कुठल्याशा बंद पडलेल्या शर्यतीच्या टीमचं सामान हातोहात फिरत तिथवर पोहोचलं होतं, ते विश्वजीतनं उचललं होतं. गोणपाटात गुंडाळलेलं ते यंत्र सहा जणांनी खाली उतरवलं. चाकांवर उभी कपाटाएवढी टाकी, तिला दाब दाखवणारी, काटे असलेली दोन मोठी घड्याळं, आणि तिच्यातून निघालेली मांडीएवढी जाड नळी. नळीच्या टोकाला पितळी तोंड. ते गाडीच्या बाजूला बसवलेल्या झडपेत घुसवायचं, पिळून कुलूप लावल्यासारखं अडकवायचं, आणि मगच आतून पेट्रोल सुटायचं.

पंपावर हवा भरणारा कडुबा बराच वेळ त्या नळीभोवती फिरला.

“ताई,” तो सुलेखाला म्हणाला, “हे तर हत्तीला सलाईन लावायचं दिसायलंय.”

विश्वजीतनं त्याच संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून कामं वाटून दिली. नळी पेलायला दोन माणसं. झडपेत तोंड अडकवायला सुलेखा, कारण हात तिचा. आणि टाकीपाशी एक दांडा धरून उभं राहायला कडुबा. काही गडबड झाली की त्यानं दांडा सोडायचा, लगेच प्रवाह बंद.

“या कामाला डेड मॅन म्हणतात,” विश्वजीत म्हणाला.

“म्हंजी?”

“म्हणजे... मेलेला माणूस. दांडा धरणारा मेला तरी हात सुटतो आणि पेट्रोल बंद होतं, म्हणून.”

कडुबानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. “दादा, मी कवा मरायचं?”

“मरायचं नाही. नुसतं नाव आहे ते.”

दुसऱ्या दिवशी कडुबाची बायको पंपावर आली. तिनं नानासाहेबांना विचारलं की माझ्या मालकाला तुम्ही कामावर ठेवलंय की तिरडीवर. शेवटी विश्वजीतनं कडुबाच्या टोपीवर रंगानं ‘जिता माणूस’ असं लिहून दिलं, तेव्हा ती घरी गेली. कडुबा ती टोपी बाजारातही घालून जायला लागला.

यंत्राबरोबर आगीपासून वाचवणारे लाल अंगरखेही आले होते. पायापासून गळ्यापर्यंत एकच कपडा, छातीवर कुठल्याशा परदेशी साबणाची जाहिरात, वर हेल्मेट, हातात मोजे. एप्रिलचं ऊन होतं. सुलेखानं पंपाच्या शर्टावरच तो चढवला आणि मनात म्हणाली, आज काही आपण घरी जात नाही.

पण हेल्मेटची काच खाली पडली आणि एक वेगळीच गोष्ट झाली. जग गप्प झालं. हॉर्न दूर गेले. “ओ बाई, इकडं बगा,” म्हणणारं कुणी उरलं नाही. समोर फक्त झडप, हातात फक्त नळी. एकोणीस वर्षांत पंपावर तिला अशी शांतता मिळाली नव्हती. सरावासाठी विश्वजीतनं एका रिकाम्या बॅरलला झडप बसवली होती. तो घड्याळ दाबायचा, सुलेखा पळायची, अडकवायची, पिळायची, काढायची. पहिल्या दिवशी एकेचाळीस सेकंद लागले आणि मागच्या दोघांपैकी एक जण नळीसकट आडवा झाला. आठवड्यानं अकरा सेकंद. पंधराव्या दिवशी दोन सेकंद आणि आठ दशांश.

विश्वजीतनं घड्याळ दोनदा बघितलं. “सुलेखाताई, इंग्लंडात याच्यासाठी वेगळा पगार देतात.”

त्या रात्री घरी तिनं कुकरचं झाकण लावलं आणि प्रेरणाकडं बघितलं. “किती लागले?”

“कशाला?”

“झाकनाला.”

प्रेरणा तंत्रनिकेतनात शिकत होती. तिनं मोबाईलवर वेळ लावली. आईनं झाकण काढून पुन्हा लावलं. एक सेकंद आणि चार दशांश. मग आईनं डब्याची झाकणं लावली, पाण्याच्या बाटल्यांची लावली, नवऱ्याच्या शर्टाच्या गुंड्याही लावल्या. तो शाळेची व्हॅन चालवून दमून आला होता. त्याला वाटलं, बायको लाडात आलीय.

इकडं पंपाच्या तोंडाशी विश्वजीतनं मोठा फलक लावला: ‘पिट स्टॉप लवकरच सुरू’. दोन दिवसांनी वळणापलीकडच्या वस्तीतल्या आवडाबाई डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन आल्या. साठीच्या बाई, उन्हातून चालत आलेल्या. त्यांनी डबा सुलेखाच्या पायाशी उतरवला.

“बारीक दळा,” त्या म्हणाल्या.

“काय दळा?”

“पीठ. तुमीच बोर्ड लावलाय नव्हं. आमच्या वस्तीवरली गिरन बंद पडलीय.”

सुलेखानं समजावलं की हे पीठ नाही, हे पिट, म्हणजे शर्यतीत गाडी थांबवून पेट्रोल भरायची जागा. आवडाबाईंनी फलकाकडं बघितलं, मग त्या लाल अंगरख्याकडं, मग हत्तीच्या सलाईनकडं. “मंग एवढं मोठं मशीन कामून आनलंय?” असं विचारून त्या सावलीत बसल्या. त्यांना पाणी दिलं. जाताना नानासाहेबांनी आपल्या गाडीतून त्यांना आणि डब्याला हर्सूलच्या गिरणीत पोहोचवायला लावलं. त्यानंतर आणखी अकरा डबे आले. विश्वजीतनं फलकावर मोटारीचं चित्र काढून घेतलं, तरी एक जण गहू घेऊन आलाच.

ही बातमी पंपाला पेट्रोल पुरवणाऱ्या तेल कंपनीपर्यंत गेली. मग कंपनीचे एक साहेब आले. शांत माणूस, खिशाला दोन पेनं, बोलताना समोरच्याच्या बुटांकडं बघायचे. त्यांनी यंत्राला एक फेरी मारली.

“छान आहे,” ते म्हणाले. “शून्य कुठं दिसतं?”

“कसलं शून्य?” विश्वजीतनं विचारलं.

“गिऱ्हाईक मोटारसायकल घेऊन आलं. म्हणालं, शंभराचं टाका. म्हणजे लिटरभरसुद्धा नाही. तुमचं यंत्र ते सेकंदाच्या बाराव्या भागात टाकणार. गिऱ्हाईकाची पापणी लवली की संपलं. ते म्हणणार, टाकलंच नाही. तुम्ही म्हणणार, टाकलं. मग?”

साहेबांनी पंपावरचं पाच लिटरचं सरकारी माप मागवलं. प्रत्येक पंपावर ते ठेवावं लागतं, कुणी शंका घेतली तर भरून दाखवायला. त्यांनी ते माप त्या मांडीएवढ्या नळीखाली धरलं आणि तसेच उभे राहिले. माप नळीच्या तोंडापेक्षा फारसं मोठं नव्हतं.

“तिकडं चालायचं की,” विश्वजीत शेवटी म्हणाला.

“तिकडं एका शर्यतीत किती गाड्या? वीस. सगळ्यांना एकसारखी झडप, एकसारखी टाकी. ड्रायव्हर गाडीतून उतरत नाही. भोवती आगीचे कपडे घातलेली माणसं. तरीसुद्धा आगी लागल्याच ना. तुमच्याकडं दिवसाला किती गाड्या येतात?”

“हजार-बाराशे,” सुलेखानं सांगितलं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

साहेबांनी पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. मग तिलाच उद्देशून बोलायला लागले. “बाई, हिवाळ्यात स्वेटर काढताना चरचर होतं ना? पेट्रोल नळीतून फार जोरात धावलं की तसंच होतं, आपली आपण वीज धरतं. आणि टाकीत पेट्रोल शिरलं की आतली वाफ बाहेर पडायला बघते. सावकाश भरलं तर सावकाश निघते. एकदम भरलं तर एकदम. वाफ आणि ठिणगी एका जागी आली की पुढचं मी सांगायला नको.”

“म्हणजे तुमचं म्हणणं, हे बंद करा,” विश्वजीत म्हणाला.

“माझं काही म्हणणं नाही. पेट्रोलचं म्हणणं आहे.”

साहेबांनी कागदावर लिहून दिलं की या यंत्रात इंधनाचा एक थेंबही घालायचा नाही. मग चहा घेतला आणि गेले.

विश्वजीतनं तो कागद तीनदा वाचला. कागदात इंधन लिहिलं होतं. पाण्याबद्दल काही नव्हतं.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पंपामागच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव पडला. नानासाहेबांनी सोयऱ्याधायऱ्यांना, माजी सरपंचांना, बाजार समितीतल्या मित्रांना बोलावलं होतं. वस्तीवरची माणसंही जमली. नानासाहेबांच्या पांढऱ्या गाडीची टाकी रिकामी करून तिला एका गॅरेजवाल्याकडून शर्यतीची झडप बसवून घेतली होती. यंत्रात टँकरचं पाणी भरलं होतं. आज पाण्यावर दाखवायचं, लोक बघतील, गाजावाजा होईल, मग परवानगीचं बघू, असा विश्वजीतचा हिशेब.

सुलेखा आदल्या दिवशी गाडीखाली वाकून बघून आली होती. तिला एक गोष्ट खटकत होती. रोज शंभरावर टाक्या तिच्या हाताखालून जात. त्यातल्या काही टाक्यांचं तोंड अरुंद असतं. तिथं नळी पूर्ण सोडली की टाकी उचकी देते आणि पेट्रोल परत वर येतं. आतल्या हवेला वाट हवी असते.

“दादा,” ती विश्वजीतला म्हणाली, “यातली हवा कुटून निगनार?”

“नळीत दोन वाटा आहेत, ताई. एकीनं पेट्रोल आत, दुसरीनं हवा बाहेर.”

“दुसरी तर बुजवलेली हाय. मी बोट घालून बगितलं.”

विश्वजीतनं मान खाजवली. त्या वाटेचं रबर इथं कुठंच मिळालं नव्हतं. गुलमंडीपर्यंत दुकानं पालथी घातली होती. म्हणून गॅरेजवाल्यानं तिथं लाकडाची गुडदी मारली होती. “पाणीच आहे, ताई. काय होणार?”

सुलेखानं पुन्हा विचारलं नाही. तिचं काम अडकवायचं होतं. शिवाय खरं सांगायचं तर तिला आज अडीच सेकंदांच्या आत यायचं होतं.

नारळ फुटला. नानासाहेब गाडीत जाऊन बसले, काचा बंद करून, ड्रायव्हरच्या जागी, अंगावर पांढरेशुभ्र कपडे. शर्यतीत ड्रायव्हर आतच असतो असं त्यांना मुलानं सांगितलं होतं. कडुबानं दांडा धरला. सुलेखानं काच खाली घेतली. जग गप्प झालं. विश्वजीतनं झेंडा खाली केला आणि ती पळाली.

दोन सेकंद आणि एक दशांश. तेवढ्यात तिनं तोंड झडपेत बसवून पिळलं होतं. हा तिचा सगळ्यात चांगला वेळ. आजवर कुणी तो मोडलेला नाही, कारण तिच्यानंतर कुणी ते काम केलेलं नाही.

मग पाणी सुटलं. हवेला जायला जागा नव्हती, तेव्हा टाकी पुरीसारखी फुगली. गाडीच्या मागच्या सीटखाली टाकीचं एक झाकण असतं, दुरुस्तीसाठी. ते उडालं. सीट वर उचलली गेली आणि तिच्याखालून खांबाएवढी पाण्याची धार सरळ छताला लागली, छतावरून पसरली आणि नानासाहेबांवर आली. काचांच्या आत पाणी चढताना लोकांना दिसत होतं. नानासाहेबांनी हात वर केला. काही लोकांना वाटलं ते अभिवादन करायलेत, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“दांडा सोड,” विश्वजीत ओरडला.

कडुबानं दांडा आणखी घट्ट धरला. नंतर त्यानं सांगितलं की टोपीवर जिता माणूस लिहिलं होतं, मग हात सोडायचा कसा, हेच त्याला सुचेना. शेवटी सुलेखानंच तोंड उलटं पिळून काढलं. काढताना उरलेलं पाणी पहिल्या रांगेतल्या माजी सरपंचांना मिळालं.

गाडीचं दार उघडलं. आधी पाणी उतरलं, मग नानासाहेब. तेवढ्यात मागून आवडाबाईंचा आवाज आला.

“किती पानी गेलं ओ हे?”

नानासाहेब ओला सदरा पिळायला लागले.

“आमाला आठ-आठ दिवस नळ येत नाय. हंडाभर पान्यासाठी आमी टँकरमागं पळायलोत. आन तुमी गाडीला पानी पाजायलेत?”

तेव्हा मात्र आवाज चढले. परदेशी तंत्राचं काय झालं, हे कुणी विचारलंच नाही. लोकांना पाण्याचा जाब हवा होता. बायकांनी प्लॉटमधल्या डबक्यातून पाणी कळशीत भरून घेतलं. नानासाहेबांनी ओल्या कपड्यांतच सगळ्या वस्तीला दोन टँकर कबूल केले, तेव्हा कुठं मांडव रिकामा झाला.

विश्वजीत आठवडाभर ऑफिसात बसून नुसता हातातलं घड्याळ सुरू करायचा आणि बंद करायचा. एका सकाळी सुलेखा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“दादा, ते घड्याळ घ्या आन माज्या शेजारी या.”

“कशाला?”

“या तर खरं.”

तो आला. समोर मोटारसायकल थांबली. पुढं बाप्या, मधे लेकरू, मागं बाई, बाईच्या मांडीवर कांद्याची पिशवी. सुलेखानं मानेनंच खूण केली आणि विश्वजीतनं घड्याळ दाबलं.

बाई उतरेना, कारण लेकरू तिला टेकून झोपलं होतं. लेकराला उठवलं. लेकरू रडलं. बाई उतरली. पिशवी उलटली. चार कांदे मशीनखाली गेले. कडुबानं ते काढून दिले. बाप्यानं किल्ली शोधली, ती गाडीलाच होती. टाकीचं झाकण उघडलं. सुलेखा म्हणाली, “झिरो बघा.” बाप्यानं बघितलं, मग बायकोला म्हणाला, “बघ गं झिरो.” बायकोनं बघितलं. लेकरालाही दाखवलं. सुलेखानं पेट्रोल टाकलं. मग मोबाईल निघाला. नेट येईना. बाप्या दोन पावलं पुढं गेला, तिथं आलं. पिन चुकला. पिन बायकोला माहीत होता. भोंग्यातून पैसे आल्याचा आवाज झाला. झाकण लागलं. लेकरू बसलं, बाप्या बसला, पिशवी बसली, बाई राहिली. मग बाईही बसली.

“किती?” सुलेखानं विचारलं.

“चार मिनिटं वीस सेकंद.”

“आन पेट्रोल जायला?”

विश्वजीतनं ते वेगळं मोजलं होतं. तो आकडा बोलताना त्याचा आवाज खाली गेला. “नऊ सेकंद.”

“त्या नऊचे तुमी तीन केले, तरी चार मिनिटं चौदा उरतेत,” सुलेखा म्हणाली आणि पुढच्या गाडीला हात केला.

एखाद्याला एवढ्यावर उमगलं असतं. विश्वजीतलाही उमगलं, पण भलतंच. त्याच्या मनानं घेतलं की शर्यतीत नळी एकटी नसते, भोवती पळणारी माणसं असतात. आपल्याकडं माणसं आहेतच. दोन दिवसांनी त्यानं लाल अंगरखे घातलेले चार गडी मशीनमागं लपवून उभे केले. गाडी थांबली की चौघांनी झेप घ्यायची: एकानं मागची सवारी उचलून बाजूला ठेवायची, एकानं सामान धरायचं, एकानं झाकण उघडायचं, एकानं ड्रायव्हरच्या खिशातला मोबाईल काढून त्याच्या हातात द्यायचा.

पहिलं गिऱ्हाईक सिटी चौकाकडचे एक हाजीसाहेब होते. स्कूटीवर, मागं त्यांची बेगम. गाडी थांबली आणि हेल्मेटवाले चार लाल पुरुष काही न बोलता धावून आले. कुणाच्या काही लक्षात यायच्या आत बेगम तीन फुटांवर उभ्या होत्या, झाकण उघडं होतं आणि एकाचा हात हाजीसाहेबांच्या खिशात होता.

“या अल्ला,” हाजीसाहेब पुटपुटले. “बेटा, सब ले लो, मगर गाडी छोड दो. दामाद की है.”

बेगमनी पर्स आपण होऊन पुढं केली. सुलेखा धावत गेली, गड्याचा हात खिशातून बाहेर काढला आणि दोघांना खुर्चीवर बसवलं. “चाचा, चोर नाहीत. पंपाचीच मानसं हायत. तुमाला लवकर जाता यावं म्हनून...”

“हमकू कायकी जल्दी?” हाजीसाहेबांनी कपाळाचा घाम पुसत विचारलं. “शादी कल है.”

पण तोवर मागच्या रांगेतल्या कुणीतरी शंभर नंबर फिरवला होता. पोलिसांची गाडी आली. हवालदारानं चौघा लाल माणसांना ओळीत उभं केलं, हेल्मेटं काढायला लावली, छातीवरची साबणाची जाहिरात मोठ्यानं वाचली आणि विश्वजीतला विचारलं की नेमकं तुमच्या मनात आहे काय. विश्वजीतनं इंग्लंडपासून सुरुवात केली. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं. त्याचीही गाडी रांगेतच होती. सांगून होईपर्यंत तिच्यात डिझेल भरून झालं.

हाजीसाहेबांनी तक्रार दिली नाही. चहा पिऊन, नानासाहेबांना लग्नाचं आवतण देऊन गेले. जाताना बेगम सुलेखाच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “बाजी, उठाया मगर आराम से उठाया. मेरे घुटने में दर्द है, उसको समझा जैसे.”

नानासाहेबांनी त्या रात्री जेवणाच्या ताटावरच निकाल दिला. यंत्र जाईल. अंगरखे जातील. पोरगं राहील, पण पंपावर पळणार नाही.

यंत्र आवडाबाईंनी नेलं. म्हणजे त्यांच्या भाच्याचा टँकर होता, त्याला ते जोडलं. वस्तीवर पिंपं भरायला बरं, असा विचार. पहिल्या दिवशी रिकामं पिंप धारेनं उडून शेजाऱ्याच्या पत्र्यावर गेलं. मग भाच्यानं यंत्राचा दाब खाली, आणखी खाली, अगदी शेवटच्या रेघेपर्यंत आणला आणि तोंडाला बागेची हिरवी नळी बांधली. आता सेकंदाला बारा लिटर ओतायला बनवलेलं ते यंत्र वस्तीवर मिनिटाला बारा लिटर पाणी देतं. रांगेतल्या बायकांची त्याला हरकत नाही. तेवढ्यात बोलणं होतं, असं त्या म्हणतात.

विश्वजीतनं पुढं पंपाच्या कोपऱ्यात हवेची आणि पंक्चरची चांगली जागा बांधली. कडुबा तिथं बसतो. रांगेची गोष्ट मात्र त्यानं सुलेखाला विचारूनच केली. तिनं एकच सांगितलं: रांगेच्या मधोमध एक माणूस उभा करा, त्यानं लोकांना नुसतं म्हणायचं, उतरून घ्या, झाकन उघडून ठेवा, पिन आठवून ठेवा. त्यानं चार मिनिटांची तीन झाली. याच्यापेक्षा कमी होत नाहीत. विश्वजीतनं पुष्कळ मोजलं.

नानासाहेबांना वाटलं, बाईला काहीतरी द्यायला पाहिजे. त्यांनी तिला शिफ्टची प्रमुख केलं आणि ऑफिसात पंख्याखाली फिरती खुर्ची दिली. घरी प्रेरणानं जिलेबी आणली. सुलेखा सोमवारी खुर्चीत बसली. काचेतून तिला दोन नंबरचं मशीन दिसत होतं. नवा गडी नळी आडवी धरत होता, टाकीवर ओघळ येत होते. तिनं दोनदा काच वाजवली. मंगळवारी तिनं बाहेर जाऊन त्याचं मनगट धरून दाखवलं, परत आली, पुन्हा गेली, परत आली, पुन्हा गेली.

बुधवारी सकाळी तिनं नानासाहेबांना सांगितलं, “नाना, प्रमुख म्हना, काय बी म्हना. पन मला बसून दिसत नाय.”

“मग खुर्चीचं काय करू?”

“तुमी बसा.”

नानासाहेब बसले. पंखा बरा होता. बाहेर सुलेखानं नळी हुकावरून उचलली. समोर तोच, एकेकाळी गाडी ढकलत पुढं नेणारा माणूस उभा होता. आता त्याचे केस पांढरे झाले होते. तो म्हणाला, दोन दिवस कुठं होतात, मी दुसऱ्या रांगेत गेलोच नाही, तसाच घरी परत गेलो, गाडी आता निव्वळ वाफेवर आलीय. सुलेखानं टाकीत डोकावून बघितलं. खरंच तळ कोरडा होता.

“किती टाकू?” तिनं विचारलं.

तो विचार करायला लागला. मागं अकरा गाड्या होत्या. तिनं त्याला विचार करू दिला.